चासीवरचा नंबर कारखान्याचा की कुणी ठोकलेला?
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

जुन्या मोटरसायकलींच्या लिलावांबद्दल आलेल्या पत्रांत एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत दिसते : गाडीच्या चासीवर, म्हणजे सांगाड्यावर (फ्रेमवर) ठोकलेला नंबर खरा की बनावट? त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. ज्या पत्रांत विक्रेत्याचे किंवा लिलावाचे नाव होते, ते गाळले आहे.

प्रश्न : एका जुन्या बुलेटचे बुक (नोंदणी पुस्तिका) बघितले. सरकारी वाहन प्रणालीत तो नंबर सापडतो, चासी आणि इंजिन नंबरही बुकाप्रमाणेच आहेत. मग बनावट असण्याची शक्यता उरते का? (डिचोली)

उरते. बनावट गाड्यांपैकी बहुतेक याच जातीच्या असतात. नंबर कोणी मनाने रचत नाही, कारण रचलेला नंबर वाहतूक खात्याच्या पहिल्याच खिडकीवर पकडला जातो. कधीच भंगारात गेलेल्या गाडीचे बुक घरात पडून असते आणि ते बुक विकले जाते. दुसरीकडे कागद नसलेली फ्रेम असते. ती चोरीची असेल, पोलीस ठाण्याच्या आवारातून भंगार म्हणून उचललेली असेल, नाहीतर लष्करी भंगारातली. त्या फ्रेमचा मूळ नंबर घासायचा, बुकातला नंबर ठोकायचा, की ‘बुकाला गाडी जुळली’.

म्हणजे संगणकावरची तपासणी एवढेच सांगते की असा नंबर कधीतरी दिला गेला होता. समोरचे लोखंड त्याच नंबराचे आहे, हे ती सांगत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर चासी आणि इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद बघता येते. ते जरूर करा, पण तिथून ‘नोंद नाही’ असे उत्तर आले म्हणून निर्धास्त होऊ नका. बुक प्रामाणिक माणसाच्या मेलेल्या गाडीचे असेल तर त्या नंबराची चोरीची नोंद असणारच कशी?

बुकात नंबराखेरीज आणखी काय लिहिले आहे ते वाचा. उत्पादनाचे वर्ष, पहिल्या नोंदणीची तारीख, रंग, सीसी, मालकांची साखळी. गोव्यात मालिकाही बघा. मुक्तीनंतर, केंद्रशासित काळात इथल्या गाड्यांना जीडीए, जीडीबी अशा मालिका होत्या. जीए-०१ पणजी, ०२ मडगाव, ०३ म्हापसा, ०४ डिचोली, ०५ फोंडा, ०६ वास्को ही पद्धत १९८९ नंतरची. तेव्हा ‘१९७४ पासून जीए-०३’ असे कोणी सांगितले तर मधल्या फेरनोंदणीचा कागद मागा.

प्रश्न : लिलावाआधी गाडी बघायला अर्धा तास मिळणार आहे. सोबत काय न्यावे आणि कोणत्या क्रमाने बघावे? (म्हापसा)

सामान थोडेच लागते. लहान टॉर्च, दहापट मोठे दाखवणारे भिंग, थिनरची छोटी बाटली आणि सुती चिंधी, बटर पेपर, मऊ २बी पेन्सिल, चिकटपट्टी, लहान लोहचुंबक, १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा दांडीचा आरसा. नंबरावरची ग्रीस आणि धूळ चिंधीने पुसायची परवानगी आयोजकांकडून आधीच घ्या. थिनरही चिंधीवर घेऊन मळापुरताच लावा, जास्त चोळलात तर रंग सुटेल. रंग खरवडायला कोणी देणार नाही आणि पॉलिश पेपर तर खिशातही नको. त्याचे ओरखडे आणि बनावट करणाऱ्याचे ओरखडे पुढे कोणालाच वेगळे काढता येणार नाहीत.

आकडे वाचण्याआधी आकड्यांखालची जागा बघा. बहुतेक जुन्या गाड्यांत चासी नंबर स्टिअरिंग हेडवर, म्हणजे हँडलचा कोनसेट (बेअरिंग) ज्या नळीत बसतो तिच्यावर किंवा तिला जोडलेल्या ओतीव लगवर (नळ्या जोडणाऱ्या तुकड्यावर) असतो. टॉर्च समोरून मारली तर सगळे सपाट दिसते. ती धातूला जवळजवळ टेकवून, दहा-पंधरा अंशांच्या तिरक्या कोनात धरा आणि चारी बाजूंनी फिरवा. ग्राइंडरच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या दिसतात, कानशीच्या समांतर. वरून रंग मारला तरी तिरक्या उजेडात त्या रंगातून वर येतात. मग स्टीलची पट्टी कडेवर उभी करून नळीच्या लांबीच्या दिशेने नंबरावर ठेवा आणि मागून उजेड टाका. मधोमध फट दिसली तर तिथले धातू कोणीतरी काढले आहे. काही कारखान्यांत नंबरासाठी जागा मुळातच सपाट केलेली असे. मात्र तिची कड स्पष्ट असते. हाताने घासलेला खळगा आजूबाजूच्या लोखंडात हळूहळू विरत जातो.

गोव्यात आणखी एक साक्षीदार फुकट मिळतो, तो म्हणजे गंज. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात चाळीस-पन्नास वर्षे काढलेल्या फ्रेमवर बारीक खड्डे पडलेले असतात आणि नवा रंग मारला तरी ते बुजत नाहीत. हे खड्डे आकड्यांच्या आत, आकड्यांवर आणि आकड्यांच्या बाहेर सारखेच हवेत. सगळे स्टिअरिंग हेड देवीच्या व्रणांसारखे खड्ड्यांनी भरलेले आणि नंबराभोवतीचा तीन बोटांचा तुकडा मात्र गुळगुळीत, असे दिसले तर तो तुकडा घासलेला आहे. उलटही होते. खड्डे आहेत, पण आकड्याची रेघ त्यांना कापून कोरी करकरीत जाते. तो आकडा गंजानंतर ठोकलेला आहे.

पंच (आकडा ठोकायचा पोलादी ठसा) बसतो तेव्हा धातू बाजूला सरतो आणि आकड्याच्या कडेला बारीक उंचवटा येतो. जुन्या गाडीत तो हाताळून, रंगाच्या थरांनी आणि गंजाने बोथट झालेला असतो. नखाला टोचेल इतका धारदार उंचवटा, किंवा थिनरने पुसल्यावर आकड्याच्या तळाशी चमकणारे धातू, ही ताज्या ठोक्याची खूण. चलाख माणूस ठोकून झाल्यावर मिठाचे पाणी मारून गंज आणतो. तो गंज नारिंगी आणि भुसभुशीत असतो, चिंधीला लगेच लागतो. जुना गंज काळपट तपकिरी असतो आणि घट्ट धरून बसतो.

आता लोहचुंबक. स्टिअरिंग हेडवर सगळीकडे तो सारख्याच जोराने खेचला गेला पाहिजे. नंबराजवळ ओढ एकदम कमी झाली तर रंगाखाली लांबी (पुट्टी) किंवा एम-सील भरलेले आहे. जुने आकडे बुजवून वर नवे ठोकण्याचा हा सर्वांत आळशी प्रकार, तरीही तो सापडतो. नाण्याने हलके वाजवून पाहा, भरलेल्या जागी आवाज बद्द येतो.

शेवटी पेन्सिल प्रिंट. बटर पेपर नंबरावर ताणून चिकटपट्टीने बसवा. पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने, एकाच दिशेने घासा. डोळ्याला न दिसणारे पुष्कळ काही कागदावर उमटते. अर्धवट पुसलेल्या जुन्या आकड्याची सावली, दोनदा बसलेला ठोका, आकड्यांमधले विचित्र अंतर. घासण्याची गरजच पडू नये असे बदल विशेष करून शोधा. ३ चा ८, ० चा ८, ६ चा ८, १ चा ४ किंवा ७. यात जुना आकडा तसाच ठेवून एक-दोन रेघा वाढवलेल्या असतात. नव्या रेघांची खोली आणि तळाचा रंग जुन्या रेघांशी जुळत नाही, आणि भिंगातून सांध्यावर दोन रेघा एकमेकींवर चढलेल्या दिसतात.

दांडीचा आरसा नंबराच्या मागच्या आणि खालच्या बाजूसाठी. दुसऱ्या फ्रेमचा नंबर असलेला तुकडा कापून बसवला असेल तर पुढून सफाई केलेली असते, पण मागे वेल्डिंगचा ताव लागून रंग फुगलेला किंवा करपलेला राहतो. जुन्या ब्रिटिश फ्रेममध्ये नळ्या ओतीव लगमध्ये पितळी ब्रेझिंगने (पितळ वितळवून केलेल्या जोडाने) बसवलेल्या असतात. तिथे आधुनिक वेल्डिंगची खवलेदार शिवण दिसली तर निदान ‘हे कधी आणि का केले’ हा प्रश्न विचारायलाच हवा. गाडी उघडायची मुभा मिळाली तर फोर्कचा दांडा काढून नळीच्या आतून बघणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग. आतली बाजू सहसा कोणी रंगवत नाही.

चासी आटोपली की उरलेल्या वेळात इंजिन आणि कागद. निम्मा वेळ चासीवर गेला तरी चालेल. इंजिन बदलता येते आणि बदल नोंदवताही येतो, चासी म्हणजे मात्र गाडीच.

प्रश्न : १९६० च्या दशकातल्या बुलेटचे आकडे वर-खाली आहेत, एक तर तिरका आहे. बनावट समजावे का? (फोंडा)

तेवढ्यावरून नाही. त्या काळी एकेक आकड्याचा पंच धरून हातोडीने ठोकत. रेघ वाकडी जाणे, एखादा आकडा कमी खोल बसणे हे कारखान्यातलेच आहे. रांगोळीसारखी नेटकी ओळ दिसली तर उलट अधिक बारकाईने बघा.

ओळ वाकडी चालते, आकड्यांचे वळण मात्र एकाच संचातले हवे. ३ चा माथा सपाट की गोल, ४ चे डोके उघडे की बंद, १ ला पाय आहे की नाही, ७ ची मान सरळ की वळलेली. एकाच नंबरात दोन ५ असतील तर ते हुबेहूब जुळले पाहिजेत, कारण ते एकाच पंचाने ठोकलेले असतात. पंचाला कुठे टवका उडालेला असेल तर तोच टवका दोन्ही आकड्यांत दिसतो. पुष्कळ संचांत ६ आणि ९ साठी एकच पंच असतो, तो उलटा धरतात. त्यामुळे ६ उलटा केला की ९ मिळायला हवा. हार्डवेअरच्या दुकानात पंचांचे संच ठरावीक उंचीत मिळतात, ४, ५, ६ मिलिमीटर वगैरे. म्हणून पट्टीने उंची मोजा आणि त्याच वर्षाच्या आसपासच्या, जिच्याबद्दल शंका नाही अशा दुसऱ्या बुलेटशी ताडून बघा. गोव्यात जुन्या बुलेट एवढ्या आहेत की तुलनेसाठी एखादी मिळणे अवघड नाही. पायलटांकडच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांच्या गाड्या मात्र तुलनेला घेऊ नका. त्या इतक्या राबलेल्या असतात की इंजिन दोन-तीनदा बदललेले असू शकते.

आणि बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी बनलेले आकडे दिसले तर पुढे बघायचीच गरज नाही. ते यंत्र साठच्या दशकात नव्हते. सतरा अक्षरांचा चासी नंबरही त्या काळच्या गाडीला असू शकत नाही.

प्रश्न : इंजिन नंबराची जागा बाकीच्या क्रँककेसपेक्षा (इंजिनाच्या खालच्या कवचापेक्षा) उजळ आणि गुळगुळीत दिसते. विक्रेता म्हणतो, पॉलिश केली आहे. (केपे)

पॉलिश करणारा कारागीर नंबराच्या जागेला शक्यतो हात लावत नाही, कारण आकडे पुसट होतात. फक्त तीच जागा पॉलिश आणि बाकी क्रँककेस खरखरीत असेल तर संशय रास्त आहे.

ॲल्युमिनियमवर काम दोन प्रकारे होते. एक, जुने आकडे घासून त्याच जागी नवे ठोकणे. अशा वेळी नंबराची जागा आजूबाजूच्या पातळीपेक्षा खाली गेलेली असते. सिलिंडरच्या बुडाची कड किंवा क्रँककेसच्या दोन भागांचा सांधा हा संदर्भ धरा आणि दुसऱ्या गाडीशी तुलना करा. दोन, जुन्या आकड्यांवर टिग वेल्डिंगने धातू भरून, सपाट करून ठोकणे. इथे पातळी बरोबर येते, पण भरलेल्या धातूची छटा वेगळी राहते, कारण वेल्डिंगची तार आणि जुने ओतीव मिश्रण एक नसते. ओतीव कातडीचा वाळूसारखा पोत तिथे नसतो. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे दिसतात, कारण जुन्या क्रँककेसने शोषलेले तेल वेल्डिंगच्या तापात वायू होऊन बाहेर पडते. कडक-मऊ फरकामुळे आकडे काही खोल, काही उथळ बसतात. तापाने क्रँककेस किंचित वाकली असेल तर त्याच बाजूच्या सांध्यातून तेल झिरपते.

सगळे इंजिन ग्लास बीडने (काचेच्या बारीक मण्यांच्या फवाऱ्याने) ब्लास्ट केलेले असेल तर छटेतला फरक झाकला जातो. लिलावाच्या आदल्या महिन्यात ब्लास्ट करून आणलेल्या इंजिनाकडे आम्ही थोड्या वाईट नजरेनेच बघतो.

प्रश्न : महायुद्धातल्या बीएसए एम२० या ब्रिटिश लष्करी मोटरसायकलचा चासी आणि इंजिन नंबर वेगळा आहे. एक जाणकार म्हणाले, जुळत नसेल तर घेऊ नका. (पेडणे)

हा सल्ला सगळ्या गाड्यांना लागू नाही. युद्धकाळातल्या एम२० ला फ्रेम आणि इंजिन दोन्हींवर ‘डब्ल्यूएम२०’ ही अक्षरे असतात, पण पुढचे आकडे कारखान्यातूनच वेगळे. दोन्ही तंतोतंत जुळत असतील तर उलट विचारा की कसे जुळले. त्यातून लष्करात इंजिन उतरवून दुसरे चढवणे नेहमीचे होते.

बीएसए गोल्ड स्टारचेही तसेच. शेवटच्या ५०० सीसी मॉडेलच्या इंजिनावर ‘डीबीडी३४जीएस’ असते आणि फ्रेमवर ‘सीबी३२’. साध्या बी३१, बी३३ गाडीला गोल्ड स्टार बनवण्याचा धंदा जुना आहे, कारण किमतीतला फरक मोठा. तिथे नंबराआधी फ्रेमची उजवी खालची नळी बघा. गोल्ड स्टारमध्ये ऑइल पंपाला जागा मिळावी म्हणून तिला मुद्दाम वळण दिलेले आहे, साध्या फ्रेममध्ये ती सरळ जाते. आकडा ठोकायला दोन मिनिटे लागतात, नळीला तसे वळण देणे सोपे नाही.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. तिथल्या लिलावात १९७० चे ट्रायम्फ बॉनव्हिल बघितले आहे. नंबर ‘जेडी’ने सुरू होतो, पण तिथल्या कागदावर पहिली नोंदणी १९६९ ची. गडबड आहे का? (मडगाव)

गडबड नाही. १९६९ च्या हंगामापासून ट्रायम्फ आणि बीएसएने नंबराआधी दोन अक्षरे घातली, पहिले महिन्याचे आणि दुसरे वर्षाचे. महिने जानेवारीपासून क्रमाने ए, बी, सी, डी, ई, जी, एच, जे, के, एन, पी, एक्स. वर्षे सी म्हणजे १९६९, डी १९७०, ई १९७१, जी १९७२, एच १९७३ अशी. हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होई. म्हणून ‘जेडी’ म्हणजे १९७० च्या हंगामातला ऑगस्ट, प्रत्यक्षात १९६९ चा. नोंदणी त्याच वर्षी झाली असेल तर हिशेब बरोबर बसतो.

एफ, आय, एल, एम, ओ ही अक्षरे या पद्धतीत नाहीतच. ती दिसली तर मुलाला तिथूनच परत फिरायला सांगा.

याच काळापासून ट्रायम्फने इंजिन नंबराच्या उंच पाटीवर कारखान्याच्या बारीक चिन्हांची ओळीने नक्षी उमटवायला सुरुवात केली आणि आकडे त्या नक्षीवर ठोकले. आकडे घासले की नक्षीही जाते. त्यामुळे भिंगातून आकड्यांच्या मधल्या जागेत नक्षी सलग आहे का ते बघायला सांगा. सर्वांत जास्त होणारी लबाडी म्हणजे एका कार्बोरेटरच्या टीआर६ ला दोन कार्बोरेटरचे हेड बसवून ‘टीआर६’चे ‘टी१२०’ करणे. तेव्हा अंकांपेक्षा शेवटच्या मॉडेलच्या अक्षरांवर जास्त वेळ द्या. या ट्रायम्फचा इंजिन आणि फ्रेम नंबर कारखान्यातून सारखाच असे, म्हणून इथे मात्र न जुळणे ही उणीव आहे आणि किंमत त्याप्रमाणे उतरली पाहिजे. बोलीपूर्वी तिथल्या व्हिन्टेज मोटर सायकल क्लबकडे चौकशी करता येते, त्यांच्या ग्रंथालयात अनेक कारखान्यांच्या नोंदी आहेत. गाडीची नंबर प्लेट ‘क्यू’ने सुरू होत असेल तर तिचे वय किंवा ओळख सिद्ध झालेली नाही असा त्याचा अर्थ.

प्रश्न : एका वाड्यातल्या सामानाच्या पावणीत (लिलावात) पोर्तुगीज काळातली मोटरसायकल आहे. कागद पोर्तुगीजमध्ये आणि चासी नंबरात एक आकडा जुळत नाही. (पणजी)

पोर्तुगीज कागदावर ‘मोतोर’ म्हणजे इंजिन आणि ‘क्वाद्रु’ म्हणजे फ्रेम. या दोन रकान्यांची अदलाबदल करून वाचले जाते, तेवढे आधी तपासा. नंतर आकड्याचे वळण. पोर्तुगीज पद्धतीने लिहिलेल्या १ ला वर लांब तिरकी रेघ असते आणि ७ ला मधे आडवी. ती सवय नसलेल्या कारकुनाने मुक्तीनंतर नवे बुक करताना १ चा ७ केला, असे होऊ शकते. फरक १ आणि ७ मधला असेल, धातूवरचा आकडा स्वच्छ असेल आणि मूळ पोर्तुगीज कागद धातूशी जुळत असेल, तर ही लेखनातली चूक धरून वाहतूक खात्याकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. फरक ३ आणि ८ चा असेल तर आधी वरचे पेन्सिल प्रिंटचे उत्तर वाचा.

इतिहासही ताडून बघा. १९५४-५५ पासून भारताने गोव्यावर आर्थिक निर्बंध घातले होते आणि इथे गाड्या थेट युरोपातून उतरत. ‘मद्रासची बुलेट, गोव्यात १९५८ ची नोंदणी’ असा दावा कोणी केला तर कागद आणि लोखंड दोन्ही पुन्हा तपासावे लागतील.

प्रश्न : सरकारी लिलावात घेतलेल्या गाडीचा नंबरच खोटा निघाला तर? (वाळपई)

इथे कायदा खाजगी खरेदीपेक्षा बरा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम ५७ प्रमाणे, सरकारने किंवा सरकारतर्फे केलेल्या जाहीर लिलावात घेतलेल्या गाडीसाठी ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत नमुना ३२ मध्ये अर्ज करायचा. सोबत लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचे विक्रीचे प्रमाणपत्र आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत. गाडीला नोंदणी क्रमांक नसेल किंवा असलेला पडताळणीत खोटा ठरला, तर गाडी दाखवून घेऊन आधी त्या खात्याच्या नावे नवा क्रमांक देण्याची आणि मग तुमच्या नावे करण्याची तरतूद त्याच नियमात आहे.

पण ही तरतूद नोंदणी क्रमांकाची आहे, चासी नंबराची नव्हे. विक्रीच्या प्रमाणपत्रावर चासी आणि इंजिन नंबर लिहिलेले आहेत ना, आणि ते धातूवर वाचले तसेच आहेत ना, हे ताबा घेण्यापूर्वी, तिथेच उभे राहून बघा. आणि लिलावाच्या अटींत ‘भंगार म्हणून’ हे शब्द असतील तर ती गाडी रस्त्यावर येणार नाही, फक्त सुट्या भागांसाठी घ्या. बनावटीचा कच्चा माल बहुधा इथूनच निघतो.

लष्करी बुलेटच्या जुन्या पाटीवर वर टोक केलेला बाण आणि त्यापुढे दोन आकडी वर्ष असते. पाटी शिल्लक असेल तर ते वर्ष फ्रेमशी ताडून पाहा. इंजिन वेगळे निघाले तर घाबरू नका, ओव्हरहॉलमध्ये ते बदलतेच. चासी मात्र विक्रीच्या कागदाशी जुळलीच पाहिजे.

प्रश्न : यामाहा आरएक्स १०० ‘व्हिन्टेज नोंदणीसह’ विकायला आहे. (साखळी)

शक्य नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिन्टेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि चासी-इंजिनात मोठे बदल न केलेली गाडी. आरएक्स १०० आपल्याकडे आली १९८५ मध्ये, तेव्हा तिला २०३५ पर्यंत थांबावे लागेल. व्हिन्टेज नोंदणीत राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

जाता जाता : आरएक्स १३५ चे इंजिन १०० म्हणून खपवले जाते. प्लगच्या भोकातून सळी घालून स्ट्रोक (पिस्टनची चाल) मोजणारे तिथे फसतात, कारण दोन्हींचा स्ट्रोक ५० मिलिमीटरच. फरक बोअरमध्ये (सिलिंडरच्या व्यासात) आहे, ५० आणि ५८. हेड काढल्याशिवाय खात्री होत नाही.

प्रश्न : वडिलांची १९६८ ची जावा, समुद्रकाठच्या घरात राहिली. चासी नंबर गंजून वाचता येत नाही. नवा ठोकून घ्यावा का? (काणकोण)

स्वतः अजिबात नाही. मूळ बुक, कर आणि विम्याचे जुने कागद आणि गाडीचे फोटो घेऊन वाहतूक खात्याकडे अर्ज करा. खात्याच्या लेखी परवानगीने पुन्हा ठोकलेला नंबर चालतो, पण त्याची नोंद बुकात हवी. ती नोंद नसेल तर वीस वर्षांनी गाडी विकताना तुमच्या मुलाला कोणी खरे मानणार नाही. तोवर गंज काढायला तारेचा ब्रश किंवा ब्लास्टिंग वापरू नका. गंज उतरवणारे सौम्य द्रावण कापसाने लावून, पाण्याने धुऊन, लगेच कोरडे करून पातळ तेल लावा. पुष्कळदा निम्मे आकडे परत वाचता येतात. जावाला चासी नंबराची पत्र्याची पाटीही असते. ती हरवू देऊ नका, पण केवळ पाटीवर विसंबूही नका. रिव्हेट काढले की पाटी दुसऱ्या गाडीवर जाते. दुसऱ्याची जावा बघाल तेव्हा आधुनिक पॉप रिव्हेटचे पोकळ डोके आणि पाटीभोवती रिकामी जुनी भोके शोधा.

प्रश्न : गाडी घेऊन चार महिने झाले. रंग काढला तर नंबराखाली दुसऱ्या नंबराच्या खुणा दिसल्या. ॲसिड लावून जुना नंबर वाचता येतो म्हणतात. (वास्को)

वाचता येतो, पण तुम्ही लावू नका. पंच बसतो तेव्हा आकड्याच्या खोलीपेक्षा खालपर्यंत धातूचे कण दाबले जातात. वरचा आकडा घासला तरी तो दाबलेला थर उरतो आणि क्युप्रिक क्लोराइड व हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या द्रावणाला वेगळा प्रतिसाद देतो, म्हणून आकडा थोडा वेळ उमटतो. पोलादावर हे बरे जमते, ओतीव ॲल्युमिनियमवर कठीण, आणि वेल्डिंगचा ताव लागला असेल तर बहुधा काहीच उरत नाही. एकदा चुकीच्या हाताने झाले की थर झिजतो आणि दुसरी संधी कमी होते. हे काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे. गोव्यात ती वेर्णे येथे आहे, आणि तिच्याकडे प्रकरण पोलिसांमार्फत जाते.

रंगकाम आहे तिथे थांबवा. नंबराचे पट्टीसह फोटो आणि पेन्सिल प्रिंट घ्या, त्यावर तारीख लिहा. लिलावाची जाहिरात, पावती, अटींचा कागद, पैसे भरल्याचा पुरावा एकत्र ठेवा. वकिलांना दाखवून पोलीस ठाण्यात आणि वाहतूक खात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५(५) प्रमाणे, धातूवरचा चासी किंवा इंजिन नंबर बुकापेक्षा वेगळा असेल, किंवा नोंदणी खोट्या कागदांवर घेतलेली असेल, तर मालकाचे म्हणणे ऐकून नोंदणी रद्द करता येते. गाडी जप्तही होऊ शकते. ऐकायला वाईट आहे, पण गप्प राहून ती पुढे विकलीत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली, चोरीचा माल माहीत असून बाळगल्याचा किंवा विकल्याचा आरोप तुमच्यावर येऊ शकतो. आज तुम्ही फसलेले खरेदीदार आहात.

पैसे परत मागताना आयोजक ‘जशी आहे, जिथे आहे’ ही अट पुढे करतील. ती अट गाडीच्या अवस्थेबद्दल असते. जाहिरातीत ‘मूळ नंबर’, ‘जुळणारे नंबर’ असे शब्द छापलेले असतील तर तुमच्या दाव्याला तोच आधार, म्हणून जाहिरातीची मूळ प्रत वकिलांकडे द्या आणि संकेतस्थळावर असेल तर ती तिथून काढली जाण्यापूर्वी तारखेसह जतन करा.